माल परदेशात जातो, नावाचे काय?

आपले व्यापारी व कारागीर बांधव मालाच्या दर्जाबाबत जितके दक्ष असतात, तितके मालाच्या नावाबाबत नसतात. अत्तर असो, लुंगी असो वा मसाला, मार्का भारतात एकदा नोंदला की जगभर तो आपलाच, असा समज रूढ आहे. हा समज महागात पडू शकतो. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरताच असतो. भारतातील नोंदणी दुबईत चालत नाही.

या नियमातून टोयोटाही सुटली नाही. तिची 'प्रियस' मोटार १९९७ साली जपानमध्ये आली. भारतात मात्र सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीने २००२ साली तेच नाव नोंदवून घेतले. टोयोटा कोर्टात गेली. परंतु त्या काळी भारतीय ग्राहकांत हे नाव प्रसिद्ध होते, हे तिला सिद्ध करता आले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या विरुद्ध गेला. टोयोटाची ही गत, तर छोट्या कारखानदाराचे काय?

सुदैवाने मार्ग सोपा झाला आहे. ८ जुलै २०१३ पासून भारत माद्रिद प्रोटोकॉलचा सदस्य आहे. भारतातील नोंदणीच्या किंवा अर्जाच्या आधारे, एकाच अर्जाने अनेक सदस्य देशांत संरक्षण मागता येते. बहारीन, ओमान आणि डिसेंबर २०२१ पासून संयुक्त अरब अमिराती त्यात आहेत. मात्र मंजुरी प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे देतो. शिवाय पहिल्या पाच वर्षांत भारतातील मूळ नोंदणी रद्द झाली, तर परदेशातील संरक्षणही जाते. म्हणून घरचा पाया आधी पक्का हवा. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केल्यास मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो, हेही लक्षात ठेवावे.

खर्चाची अडचण खरी आहे. भारतात लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. माद्रिद अर्ज जिनिव्हाच्या कार्यालयात जातो. तेथील मूळ फीच ६५३ स्विस फ्रँक, शिवाय प्रत्येक देशाची निराळी. एकट्या कारागिराला हे झेपणारे नाही. पण आपल्या कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. कारागिरांच्या संघटनांनी असे चिन्ह नोंदवून सभासदांना वापरू द्यावे. खर्च वाटला जाईल व मालाची ओळखही टिकेल. संघटनांनी केवळ सभा-संमेलने न भरविता हे काम अंगावर घेतले पाहिजे.

आणखी एक पथ्य पाळावे. परदेशातील एजंटाला त्याच्या नावावर आपला मार्का कधीही नोंदू देऊ नये. व्यवहार फिसकटला तर माल परत आणता येईल. नाव परत मिळविण्यासाठी मात्र परक्या देशात कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.