मावळ्याची उंची

यंदा मी एका भांडणात पडलो आहे आणि माघार घेण्याचा माझा विचार नाही. भांडण खेळण्यातल्या शिपायांच्या उंचीचे आहे. हसू नका. ज्या घरात दहा वर्षांचे पोर आहे आणि सेवानिवृत्त आजोबा आहे, त्या घरात हा प्रश्न आज ना उद्या यायचाच. प्रतिपक्षी माझा स्वतःचा मुलगा आहे, म्हणजे वादाला कडूपणा किती असेल याची कल्पना यावी.

मुद्दा थोडक्यात सांगतो. हल्ली सिनेमातल्या वीरांच्या ज्या हलत्या सांध्यांच्या बाहुल्या मिळतात, त्या मुख्यतः तीन मापांत येतात. बारा इंची, सहा इंची आणि पावणेचार इंची. जाणकार मंडळी यांना अनुक्रमे १:६, १:१२ आणि १:१८ म्हणतात. बाहुल्याच्या उंचीला त्या आकड्याने गुणले की खऱ्या माणसाची उंची यावी, असा हा हिशेब. सहाला बाराने गुणा, बहात्तर इंच, सरळ सहा फुटी गडी. पावणेचारला अठराने गुणा, साडेसदुसष्ट इंच. म्हणजे तुमच्याआमच्यासारखा, जरा पोक काढून चालणारा. माझा मुलगा सहा इंचीच्या पक्षाचा. मी पावणेचारचा. आणि माझे म्हणणे असे, की मुलाच्या हातात द्यायचे असेल तर लहानच माप द्यावे. मोठे माप हे खेळणे नव्हे, ती मूर्ती आहे.

हे मी हवेत बोलत नाही. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. ज्यो नावाचा शिपाई काढला, तो सुमारे बारा इंची होता. मुलगे बाहुलीला हात लावायचे नाहीत, म्हणून त्याला ‘ॲक्शन फिगर’ असे भारदस्त नाव दिले. (नाव बदलले की पुरुषांना काहीही विकता येते, हा शोध तिकडचाच असे नव्हे.) पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला. केनर कंपनीची खेळणी त्या नाताळापर्यंत तयार झाली नाहीत, तेव्हा तिने चक्क रिकामी पाकिटे विकली. आत हमीपत्र, की बाहुल्या मागाहून पाठवू. १९७८ मध्ये त्या आल्या आणि त्या पावणेचार इंची होत्या. कारण साधे होते. या कथेतला वीर विमानात बसतो. वीर बारा इंची केला तर त्याचे विमान दारातून आत यायचे नाही, आणि आले तरी बापाच्या खिशाला झेपायचे नाही. म्हणून वीराला लहान केले आणि त्याच्याभोवतीचे जग मुलाला मिळाले. १९८२ साली ज्योही याच मापाने परत आला.

फनस्कूलने पुढे हेच शिपाई भारतात काढले. माझ्या मुलाकडे सात होते. त्यांच्या पोटात एक काळे रबरी कडे असे, त्यानेच धड आणि पाय एकत्र धरलेले असत. ते कडे तुटले की शिपाई कमरेतून दोन तुकडे होऊन पडे. पाठीचा बारीक स्क्रू काढून, नळवाल्याच्या दुकानातून आणलेला वॉशर बसवून मी त्यांतल्या तिघांना पुन्हा उभे केले आहे. दिवाळीत हे सातजण किल्ल्यावर पहाऱ्याला असत. शेजारी कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे, तोफ, गवळण, टोपलीवाली. ज्यो त्या मावळ्यांच्या दुप्पट उंच होते, पण त्यांचे कधी भांडण झाले नाही.

तोच मुलगा आता मला समजावतो, “बाबा, तुम्ही चेहरा बघा ना! सहा इंचीत ओठाची रेघसुद्धा दिसते. गुडघ्याला दोन सांधे आहेत.” हे मी नाकारीत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर पाहता मोठा चेहरा मलाच अधिक सोयीचा. पण सहा भागिले पावणेचार म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश. उंची एवढी वाढली की जमीन लागते अडीचपट आणि प्लॅस्टिक लागते चौपट. हा भूमितीचा नियम आहे, त्यात कोणाचे काही चालत नाही. २०१८ साली हॅस्ब्रोने पावणेचार इंचीवाल्यांसाठी आगाऊ मागणी घेऊन एक वाळवंटातले गलबत काढले. ते चार फूट लांब होते. तेच सहा इंचीवाल्यांसाठी करायचे तर साडेसहा फूट होईल. मग काय होते? गलबत होतच नाही. वीर येतो, त्याचे घोडे, गाडी, घर, शत्रूची फौज येत नाही. तो एकटा काचेच्या कपाटात एक हात वर करून उभा राहतो आणि खाली पाटी न लिहिताही वाचता येते, ‘हात लावू नये.’

आता माझा गुन्हा कबूल करतो. नातवाच्या गेल्या वाढदिवसाला सहा इंची वीर मीच आणला. दुकानात तो फार देखणा वाटला. दुसऱ्या दिवशी पोराने त्याला अंगणात नेले, तर घरातल्या तिघांनी एकदम आरडाओरडा केला. त्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता, कारण पैसे माझे होते. त्या संध्याकाळी तो कपाटात गेला. त्याच दिवाळीत, “किल्ला करणार का रे?” असे विचारले तर पोर म्हणाले, “आजोबा, त्याच्यावर ठेवू काय?” या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही.

दुसऱ्या एका गटाशीही मला भांडायचे आहे. हे प्रमाणवादी. मागे आमच्याकडच्या किल्ला स्पर्धेत एका परीक्षकांनी चिमुरड्यांचे गुण कापले. कारण काय, तर सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच होते! परीक्षक महाशय, रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. दोन इंची मावळ्याच्या प्रमाणात तो बांधायचा तर पंचवीस मीटरांचा डोंगर लागेल, म्हणजे आठ मजली इमारत. ती मुलांनी कोणाच्या गाडीच्या जागेवर उभारावी? तिकडे अमेरिकेतही हीच गत आहे. १९८५ साली ज्योसाठी विमानवाहू जहाज काढले, ते साडेसात फूट लांब होते. पोरांची स्वारी खूश झाली. पण अठरापट हिशेबाने खरे मोठे जहाज साठ फुटांच्या आसपास जायला हवे होते. कोणी गुण कापले नाहीत. आणि महाराज मोठे का? आपल्या देवळांतल्या शिल्पांत विष्णू मोठा आणि सेवक गुडघ्याएवढे असतातच की. कुंभाराला हे ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे, फक्त परीक्षकांना ठाऊक नाही.

तेव्हा माप बिनचूक असावे असा माझा हट्ट नाहीच. मावळे आपसांत साधारण सारखे असावेत, एवढे पुरे. माझा हट्ट संख्येचा आहे. एका सहा इंची वीराच्या पैशांत मातीचे मावळे टोपलीभर येतात. टोपलीभर असले की एक फुटला तर चालतो. फुटला तर चालतो म्हणून तो मातीत, आळिवाच्या हिरव्या रानात, पाण्याच्या टाक्यात जातो. आणि तो तिथे गेल्यावरच पोर गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून त्याच्या उंचीवरून किल्ल्याकडे बघते. तुम्हीही कधी असे बघितले असेल. त्या जागेवरून वीटभर मातीचा बुरूज खरोखर आभाळाला भिडलेला दिसतो. सहा इंची वीराच्या डोळ्याने तोच बुरूज कमरेएवढा दिसतो आणि त्याच्यावर चढण्याचे काही कारण उरत नाही.

मुलगा म्हणतो, ही तुमची जुनी आठवण बोलते आहे. असेल. पण ते सात शिपाई मी टाकून दिले नव्हते. माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात ते सापडले. पाचांची कडी कुजली आहेत. परवा मी नव्या वॉशरांचे पाकीट आणले, तेव्हा हाच मुलगा काही न बोलता शेजारी येऊन बसला आणि स्क्रू त्यानेच काढले, कारण मला ते दिसेनात.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी खाली कोपऱ्यात माती येऊन पडणार आहे. पोत्यांचे पैसे मी दिले आहेत. काचेच्या कपाटाची किल्ली मात्र सूनबाईंकडे आहे, आणि तिचे मत अजून कळलेले नाही.