जमिलाला का मारलं?

१९६६ चा 'अल्ट्रामॅन' सध्या पुन्हा बघतोय. रबरी सूट, खेळण्यातल्या इमारती, तीन मिनिटांत संपणारी हीरोची ताकद... हसू येतं, मान्य. पण तेविसावा भाग बघाच! त्यातला राक्षस जमिला मुळात अंतराळवीर. देशाने वाऱ्यावर सोडलेला, पाणी नसलेल्या ग्रहावर राक्षस झालेला. वरून हुकूम येतो, तो माणूस होता हे कळू न देता संपवा. आणि आपला हीरो पाण्याचा फवारा मारून त्याला मारतो! पाण्यावाचून तडफडलेल्याला पाण्यानेच?

दिग्दर्शक जिस्सोजीने हे चक्क मुलांच्या मालिकेत दाखवलं, आणि हीरोची बाजू अजिबात सावरली नाही. मला तेच सगळ्यात आवडलं. चिखलात तडफडताना जमिला तान्ह्या बाळासारखा रडतो. मग त्याच्या नावाची पाटी वगैरे लावतात. पथकातला इदे तेवढा चिडतो.