स्टेंट न टाकणे हाही उपचारच



एका बाईंना हार्ट अटॅक येऊनही स्टेंट टाकला नाही, हा हलगर्जीपणाच, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. त्यांचा संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. बाईंचे निदान हृदयधमनी आपोआप फाटल्याचे आहे. हा आजार मुख्यतः पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांना गाठतो, बाळंतिणींनाही. यात चरबीचा अडथळा नसतो; धमनीच्या भिंतीतच रक्त साचते आणि आतली वाट दाबली जाते. अँजिओप्लास्टीची तार खोट्या पोकळीत शिरू शकते, फुग्याने चीर आणखी लांबते. उलट बहुतेक धमन्या काही आठवड्यांत, महिन्यांत आपसूक भरून येतात. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८च्या निवेदनातही स्थिर रुग्णासाठी औषधे आणि देखरेखीलाच पसंती आहे. दुखणे थांबत नसेल, रक्तदाब कोसळत असेल किंवा डावी मुख्य धमनी फाटली असेल, तर मात्र स्टेंट किंवा बायपासचा विचार करावाच लागतो.

दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले, ही तक्रार मात्र रास्त आहे. पहिल्या आठवड्यात चीर वाढू शकते. रुग्ण काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली हवा. हा आजार उलटतोही. तेव्हा बाईंनी धमनीवरचा ताण कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी मनाने बंद करू नये, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा