पन्नास तासांचं प्रमाणपत्र आणि गोणपाटावरचं पोर

दोस्तहो, मास्तरला शिकवायचं कसं हे कुणी शिकवायचं, हा प्रश्न आपला नव्हे असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. राखीव जागा आपल्या, शिष्यवृत्ती आपली, मोर्चा आपला. मास्तराचं प्रशिक्षण म्हंजे पुण्यातल्या कचेरीचं काम, तिथले साहेब बघतील. साफ खोटं आहे हे. राखीव जागेपर्यंत जायचं तर आधी पोराला धड वाचता आलं पाहिजे, आणि ते वाचणं पहिली-दुसरीतल्या मास्तराच्या हातात आहे. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. आज पोरं चौथीत पोचतात. आठवीतही पोचतात. पण हातात पुस्तक दिलं की ओळीवर बोट ठेवून गप उभी राहतात, आणि ही गप उभी राहणारी पोरं कुठल्या वस्तीची हे तुम्हाला मी सांगायला नको.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला निवेदन दिलं. त्यात मास्तराबद्दल त्यांनी रोखठोक मागणी केली. मास्तर तालीम घेतलेला पाहिजे. तो होता होईतो शेतकरी जातींतला पाहिजे, म्हंजे पोरांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल, सोवळ्यात लांब उभा राहणार नाही. नांगर धरायची त्याला लाज वाटता कामा नये. आणि पगार बारा रुपयांच्या खाली नको. तालीम, पगार आणि पोराशी नातं. यातली तालीम नि पगार सरकारनं रडतखडत दिले. पोराशी नात्याची फाईल कुठल्या टेबलाखाली गेली ती अजून निघाली नाही. भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्याला खेड्यांसाठी मास्तर घडवणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं, तेव्हा ही फाईल थोडी हलली होती. पुढं पुन्हा धूळ.

आता आजची तालीम बघा. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं की प्रत्येक मास्तरानं वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकास करून घ्यावा. छान. तास मोजले, हजेरी घेतली, प्रमाणपत्र छापलं. १२ वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ श्रेणी, २४ झाली की निवड श्रेणी, त्यासाठी पुन्हा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. म्हंजे प्रशिक्षण कशासाठी, तर पगाराच्या पायरीसाठी. पोराला वाचता आलं का हे त्या कागदावर कुठल्या रकान्यात येतं? रकानाच नाही.

आणि ही तालीम येते कशी? दिल्ली-पुण्यात घटकसंच तयार होतो. तो राज्याचे तज्ज्ञ ऐकतात, ते जिल्ह्याच्यांना सांगतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुका केंद्राला. आमच्या कऱ्हाटीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी वरच्या अंगाला उसाला भरपूर मिळतं, आणि इंदापूरच्या टेलच्या माणसाला कोरडी चारी दिसते. कऱ्हेकाठच्या जिरायती पट्ट्याला तर नीरेचा कालवा लाभलाच नाही. ज्ञानाचंही तसंच. निघतं तेव्हा कालवाभर असतं, सुप्याच्या पलीकडच्या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत पोचतं तेव्हा फक्त फाईल आणि पिशवी उरते.

मी याच भागातल्या एका शाळेत शिकलो. शाळेचं नाव घेत नाही. आमच्या बाई दहा दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या. फळ्यावर सुवाच्य अक्षरात ‘मूल स्वतः शिकते’ असं लिहिलं. त्याच दिवशी मी ‘म्या केलं’ म्हणालो. बाई हसल्या, वर्ग हसला, आणि मी वर्षभर तोंड उघडलं नाही. दहा दिवसांत बाईंना कुणी हे सांगितलंच नव्हतं की ‘म्या’ ही चूक नव्हे, ती माझ्या आईची भाषा आहे, आणि पोराला प्रमाण भाषेत न्यायचं तर तिच्यावरूनच न्यावं लागतं. नीरा ओलांडली की फलटण. तिथं मॅक्सीन बर्नसन या बाईंनी गावाच्या बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, दलित वस्तीतल्या पोरांना वाचायला शिकवलं, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. नदीपलीकडं माहीत होतं ते नदीअलीकडच्या प्रशिक्षणात आलं नाही.

आता कुणी म्हणेल, गोदीतला हमाल शिक्षणशास्त्रावर काय बोलतो! मग शास्त्रच ऐका. २०१७ साली अमेरिकेत लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पस्तीस पक्के अभ्यास तपासले. मास्तराची कुठली तालीम खरंच पोरांपर्यंत पोचते, हा सवाल. सात गोष्टी निघाल्या. जो विषय शिकवायचा त्याच्यावरच तालीम. नुसतं ऐकणं नव्हे, हातानं करणं. मास्तरांनी एकत्र बसणं. चांगला पाठ डोळ्यांनी बघणं. जाणत्यानं सोबत राहणं. काय जमलं काय नाही हे सांगणं, त्यावर विचार करणं. आणि हे सगळं दीर्घ काळ चालवणं.

दक्षिण आफ्रिकेचं ऐका. वर्णद्वेषानं काळ्या पोरांच्या शाळा मुद्दाम भिकारी ठेवल्या तो देश. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात १८० शाळांत दोन वर्षं प्रयोग झाला. धडे नि पुस्तकं दोन्हीकडं तीच, सेत्स्वाना या पोरांच्या मातृभाषेतलं वाचन शिकवायची. काही शाळांतल्या मास्तरांना हॉलमध्ये बोलावून प्रशिक्षण दिलं. काहींच्या वर्गात जाणता माणूस महिन्यामहिन्याला जाऊन बसला, बघितलं, करून दाखवलं. दुसऱ्या गटातल्या पोरांची प्रगती पहिल्याच्या सुमारे दुप्पट निघाली. खर्च जास्त आला, पण पोरांच्या पदरात पडलं.

यात नवल काय? गोदीत नवा गडी आला तर त्याला कुणी खुर्चीवर बसवून पोलादाच्या कॉइलवर व्याख्यान देत नाही. तो जुन्या गड्याशेजारी उभा राहतो. स्लिंग कुठं लावायची, क्रेनवाल्याला हाताची खूण कधी करायची, माल उचलला की पाय कुठं ठेवायचा, हे तो महिनोन्महिने बघतो, करतो, शिव्या खातो, पुन्हा करतो. कारण चुकलं तर माणूस मरतो. शाळेत चुकलं तर पोर मरत नाही, नुसतं गप होतं. म्हणून कुणाला घाई नाही.

आपल्याकडं असं झालंच नाही असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात जिल्हा परिषदेच्या साध्या मास्तरांनी आणि त्यांच्याबरोबर वर्गात बसणाऱ्या विस्तार अधिकारी बाईंनी काम उभं केलं. २०१५ च्या आसपास राज्यभरातून मास्तर गाड्या भरून ते बघायला गेले. मग गावोगावच्या शाळांत काय आलं? फरश्या रंगल्या. रंगीत गोल, रंगीत चौकोन. फरशी उचलून नेता येते, बजेट टाकता येतं, फोटो काढता येतो. शेजारी बसणारा अधिकारी उचलून नेता येत नाही.

पण दोस्तहो, त्या अमेरिकन सात गोष्टींत एक गोष्ट नाही. ती आपण घालायची. जात! कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात पुकारली नाही तेव्हा वरच्या नि खालच्या जातींची पोरं बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव-जात पुकारली, आणि खालच्या जातींच्या पोरांचा आकडा घसरला. डोकं तेच, कागद तोच. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता. ते गोणपाट आता दिसत नाही. मास्तराच्या नजरेत मात्र ते अजून अंथरलेलं आहे. ‘यांच्या घरी वातावरणच नसतं’ हे वाक्य म्हंजे तेच गोणपाट. ज्या तालमीत या वाक्याची झडती होत नाही ती तालीम पन्नास तास चालो की पाचशे, आमच्या काय कामाची?

मी मास्तराचा दुश्मन नाही. तो सरकारी वेठबिगार झालाय. मतदार याद्या त्यानं करायच्या, खिचडीचा तांदूळ त्यानं मोजायचा, रोज नवी माहिती ऑनलाईन त्यानं भरायची. वर १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. परीक्षेनं मास्तराला काय माहीत आहे ते कळेल. तो आमच्या पोराकडं कसा बघतो ते कुठला पेपर तपासणार?

म्हणून आपली मागणी सरळ आहे. हॉलमधले तास कमी करा, त्या पैशात प्रत्येक केंद्रात वर्गात जाऊन बसणारी जाणती माणसं नेमा, आणि त्यात आमच्या वस्त्यांतली शिकलेली पोरं-पोरी घ्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचणं बंद करून पाठ बघा, पाठावर भांडा. पोराच्या बोलीचा आणि जातीच्या नजरेचा विषय प्रत्येक तालमीत पहिल्या दिवशी घ्या, शेवटच्या दिवशी चहानंतर नको. मास्तराच्या डोक्यावरची कारकुनी उतरवा.

आणि तुम्ही, जे शहरात येऊन वाचायला लागलात ते. गावाकडं जाल तेव्हा जयंतीच्या वर्गणीबरोबर शाळेतही जा. शाळा व्यवस्थापन समितीत आपली आई बसते, तिला फक्त अंगठ्यापुरती बोलावतात. तिच्या शेजारी बसा. तिसरीतल्या पोरासमोर पुस्तक धरा, त्याला वाचायला सांगा. अडखळलं तर प्रमाणपत्रांची फाईल मागा आणि मास्तरला, केंद्रप्रमुखाला, साहेबाला एकच विचारा: एवढे तास झाले, यातला एक तरी या पोरापर्यंत आला का?