विक्री किती झाली ते नको, उरले किती ते सांगा



भिंतीवरचे कॅलेंडर संपत आले आहे. कचेरीचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. म्हणजे जे चुकले ते ध्यानात घ्यायला ३१ डिसेंबर आणि ते दुरुस्त करायला पुढचे तीन महिने, अशी ही चांगली सोय आहे. या आठवड्याचे सदर त्या घरांसाठी आहे, जिथे मोबाइलवरून धंदा सुरू झाला आहे.

अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. आपल्या फुलंब्री तालुक्यातून रोज सकाळी माणसे शहरात आणि चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या एमआयडीसीत कामाला जातात. मागे घरी राहिलेली लेक किंवा सून व्हॉट्सअॅपवर मसाला विकते, शेवया-पापड विकते, साड्यांचे फोटो पुढे पाठवून ऑर्डरी घेते. कुणी गोधड्या शिवून विकतो, कुणी पुस्तके आणि कॅलेंडरे. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही. ज्यांच्या बापजाद्यांना बाजारपेठेत ओटासुद्धा मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. म्हणूनच तिचा हिशेब नीट व्हायला हवा.

कुणाला विचारले, धंदा कसा आहे, तर उत्तर येते, "या महिन्यात तीस हजारांची विक्री झाली." उरले किती असे विचारले, की माणूस गप्प होतो. ही तीस हजारांची गोष्ट आपण कागदावर मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले आकडे घालून ज्याने त्याने ताडून पाहावेत.

समजा, अर्धा किलो मसाल्याचे पाकीट ३०० रुपयांना विकले. मिरची, धने, खोबरे आणि इतर जिन्नस १५० रुपये. कांडप १५. पाकीट, लेबल आणि खोका १५. कुरिअर ६०. एकूण खर्च २४० रुपये. वाटते, पाकिटामागे ६० रुपये सुटले. आता अशी १०० पाकिटे पाठवली. पैसे माल हातात पडल्यावर द्यायचे होते. त्यांतली १० पाकिटे लोकांनी घेतलीच नाहीत. घरी कुणी नव्हते, पत्ता सापडला नाही किंवा मन बदलले. हाती आले ९० पाकिटांचे २७,००० रुपये. खर्च मात्र शंभराही पाकिटांचा झाला, २४,०००. परतीचे भाडे ६००. परत आलेला माल फुटला किंवा वास उडाला म्हणून विकता आला नाही असे धरू. मोबाइलचा रिचार्ज आणि जाहिरात ४०० रुपये. राहिले फक्त २,००० रुपये.

या कामात सासू आणि सून दोघी दहा दिवस राबल्या. म्हणजे वीस दिवसांची मजुरी झाली. दोन हजारांना वीसने भागा. रोज शंभर रुपये! कापूस वेचायला गेल्या असत्या तर याहून जास्त मिळाले असते. मोबाइलवर दिसते तीस हजारांची विक्री आणि हातात पडते शंभर रुपये रोज.

आता याच हिशेबात दोनच बदल करू. भाव ३३० केला. आणि पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन करून पत्ता, खूण आणि घरी असण्याची वेळ विचारून घेतली, म्हणून परत येणारी पाकिटे दहाची पाच झाली. ९५ पाकिटांचे ३१,३५० रुपये आले. खर्च २४,०००, परतीचे भाडे ३००, जाहिरात-रिचार्ज ४००. राहिले ६,६५० रुपये. मजुरी पडली रोज ३३२ रुपये. काम तेच, माणसे तीच. म्हणून पहिला धडा असा, की आपल्या हाताची मजुरी धरल्याशिवाय भाव ठरवू नका. बाईचे काम घरचेच म्हणून फुकट धरले, की धंदा नफ्यात दिसतो आणि बाई तोट्यात जाते.

दुसरा धडा गल्ल्याचा. धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एकाच खात्यात असले, की लाईटबिल, दवाखाना आणि मुलांची फी यांत भांडवल कधी विरघळते ते कळत नाही. मग मिरची घ्यायला उसनवारी. बँकेत एक वेगळे बचत खाते उघडा आणि गिऱ्हाइकांना पाठवायचा क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा. धंदा जिचा, खातेही तिच्याच नावाचे असू द्या. राबते सून आणि पैसे जमा होतात मुलाच्या खात्यात, असे बऱ्याच घरांत चालते. उद्या कर्ज मागायला गेल्यावर बँक तिच्या नावाची उलाढाल पाहील, तेव्हा दाखवणार काय?

तिसरा धडा हंगामाचा आणि दर्जाचा. तो शिकावा लिज्जत पापडापासून. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये. त्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि काम बारमाही झाले. सुरुवातीला त्यांनी चांगल्या पापडाबरोबर स्वस्तातला कमी प्रतीचा पापडही करायला घेतला होता. त्यांना सल्ला देणारे छगनलाल पारेख यांनी तसे करू नका, दर्जा सोडू नका, असे सांगितले आणि त्यांनी ते पाळले. वर्षाअखेरी आपणही हेच विचारायचे, की यंदा आपले काम कोणत्या महिन्यांत बंद पडले आणि त्यावर आपली खाट-शेगडी कोणती?

आपल्या समाजातल्या विक्रेत्यांचे वर्ष तर ठरलेलेच असते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर आणि आपल्या मराठवाड्यात १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या वेशीजवळ त्या दिवशी पुस्तकांची किती दुकाने लागतात ते आपण पाहतोच. पुस्तक यंदा विकले नाही तर पुढल्या वर्षी विकता येते. कॅलेंडर मात्र जानेवारीनंतर रद्दी होते. म्हणून कोणता माल किती छापायचा हे मागल्या वर्षीचा विक्रीचा आकडा पाहून ठरवा, हौसेवर जाऊ नका. टपालाने पुस्तके पाठवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले आहेत. जुन्या दराने डाकखर्च धरला असेल तर प्रत्येक पार्सलामागे खिशातून पैसे जात असतील.

चौथा धडा परक्या अंगणाचा. मोबाइलवरचे दुकान आपले वाटते, पण जागा कंपनीची असते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप बंद केली. खेड्यापाड्यांतल्या किती तरी पोरांनी तिथे लाखो चाहते जमवले होते. एका रात्रीत सगळे गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी! 'आपली आजी' या नावाने नातवाच्या मदतीने त्या यूट्यूबवर स्वयंपाक शिकवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे चॅनल कुणीतरी चोरले. नशिबाने ते काही दिवसांत परत मिळाले. प्रत्येकाचे असे परत मिळतेच असे नाही.

यावर उपाय साधा आहे. दहा रुपयांची वही घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन आणि काय घेतले ते तिच्यात लिहा. मोबाइल हरवला, खाते बंद पडले, तरी वही आपल्याजवळ राहते. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा. आलेला ओटीपी कुणाला सांगू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे पाठवतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर तो लुटारूच समजा. पैसे भरल्याचा फोटो पाहून माल सोडू नका, खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहा. फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

पाचवा धडा कागदपत्रांचा. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला हात जोडावेत. जीएसटीचे म्हणाल तर मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकायला नंबर लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या ऑनलाइन कंपन्यांमार्फतही राज्यात असे विकता येते, त्यासाठी फक्त एक नोंद क्रमांक घ्यावा लागतो. पण राज्याबाहेर इंदूर-हैदराबादला माल पाठवायचा तर जीएसटी नंबर घ्यावा लागतो. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे. कंपनी आपल्या विक्रीतून काही रक्कम आयकरापोटी कापते. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर ती कपात होऊ नये. झाली असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येते. पैसे थोडे असतील, पण आपले आहेत.

खाण्याचा जिन्नस विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणी करावी आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा. वजन, किंमत, बनवल्याचा महिना, आपले नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर, हेही पाकिटावर हवे. हे कायद्याने लागते हे खरेच, पण गिऱ्हाइकाचा विश्वासही याच ओळींनी बसतो.

सहावा धडा कर्जाचा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. बचतगटाचेही मिळते. पण कर्ज ज्यात पुन्हा पैसा फिरेल अशाच गोष्टीला घ्यावे. शिलाई मशीन, कांडप यंत्र, वजनकाटा यांना घ्या. न विकलेल्या साड्यांचा ढीग वाढवायला घेऊ नका. आठवड्याच्या हप्त्याच्या खाजगी कंपन्यांचे कर्ज एकाचे फेडायला दुसऱ्याचे, असे सुरू झाले, की धंदा कितीही चालला तरी घर बुडते. वर सांगितलेल्या हिशेबात महिन्याला ६,६५० रुपये उरतात. त्यात हप्ता किती बसतो, हे सही करण्याआधी पाहा.

शेवटचा धडा नावाचा. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. अर्थशास्त्राचे एवढे मोठे ज्ञान! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके गळाली आणि पेढी बंद करावी लागली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आज मोबाइलवर माल घेणारा चव पाहतो, भाव पाहतो, आडनाव फारसे विचारत नाही. तरीही खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या आपल्यातल्या कित्येक जणी पाकिटावर आडनाव घालू की नको, या विचारात पडतात. त्यांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण आपण वस्तीतली माणसे निदान एक करू शकतो. आपल्या बहिणीने पूर्ण नाव छापलेले पाकीट आपण पूर्ण भावाने घेऊ, आणि "घरचेच तर आहे, थोडे कमी कर" असे म्हणणार नाही. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना उभी केली. मोठ्या कारखानदारांना जसे एकमेकांच्या आधाराने उभे राहावे लागते, तसेच मसाला कांडणारीलाही लागते.

सरकारी खरेदीचाही विचार करावा. २०१२ च्या केंद्राच्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून जी खरेदी करायची, तिच्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवलेली आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. म्हणून उद्यम नोंदणी करताना प्रवर्गाचा रकाना मोकळा सोडू नका आणि दाखला जवळ ठेवा. पिशव्या, गणवेश, फाइली शिवणाऱ्या गटांना हे उपयोगी पडेल.

तर या रविवारी एवढे करा. घरातल्या सगळ्यांना बसवा, शिकत्या मुलीच्या हातात वही द्या आणि चार आकडे लिहा. हातात रोख किती, लोकांकडून येणे किती, आपण देणे किती, घरात माल किती. खाली वर्षभरात किती दिवस राबलो ते लिहा आणि उरलेल्या पैशांना त्याने भागा. आकडा वाईट आला तरी वही बंद करू नका. ३१ मार्चला पुन्हा तोच आकडा काढायचा आहे, तो यापेक्षा मोठा यावा एवढेच बघायचे.

पुढल्या आठवड्यात भेटू. जयभीम.