आघातचिकित्सेचे शिक्षण कारखान्याच्या दारी

८ डिसेंबर २०२३ च्या दुपारी तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या जेथे तयार होत होत्या, अशा एका विनापरवाना कारखान्यास आग लागून सहा स्त्रिया जागच्या जागी मृत्युमुखी पडल्या, आणि ज्यांना भाजलेल्या अवस्थेत पिंपरीच्या व पुण्याच्या रुग्णालयांत हलविण्यात आले, त्यांपैकीही काहींचे प्राण पुढील दिवसांत गेले. परवान्याचा प्रश्न निघाला, जबाबदारी कोणाची यावर पुष्कळ खल झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु त्या दुर्घटनेने आणखी एक प्रश्न उभा केला होता व त्याकडे आमचे पुरेसे लक्ष गेलेले नाही: जखमी मनुष्य कारखान्याच्या दारातून निघून रुग्णालयाच्या दारी पोहोचेपर्यंत त्याचा देह ज्यांच्या स्वाधीन असतो, त्या हातांना आपण काय शिकविले आहे?

तळवडे हे गाव देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी वसलेले. आज त्याच्या एका अंगास आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, दुसऱ्या अंगास पत्र्याच्या शेडांतून चालणारे असंख्य लघुउद्योग आहेत, आणि नदी ओलांडली की निघोजे, महाळुंगे व चाकण येथील मोठ्या मोटार कारखान्यांचा प्रदेश सुरू होतो. या पट्ट्यात ज्या इजा होतात त्यांना एक ठरावीक रूप आहे. प्रेसखाली बोटे चिरडतात, ग्राइंडरचा चाकतुकडा उडून डोळ्यात शिरतो, शेडवरून मनुष्य खाली येतो, भट्टीजवळ अंग भाजते, आणि पाळी सुटल्यावर दुचाकीवरून खोलीकडे परतणारा तरुण कंटेनरच्या मागल्या चाकाखाली सापडतो. आघातचिकित्सेच्या ग्रंथात जी प्रकरणे निरनिराळी छापलेली असतात, ती सारी येथे पाच-सात किलोमीटरांच्या परिघात प्रत्यक्ष घडत असतात. आणि तरीही पॅरामेडिकचा अभ्यासक्रम पुरा करणारा विद्यार्थी या शेडांत एकदाही पाऊल न टाकता प्रमाणपत्र मिळवू शकतो, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली व प्रत्येक गाडीवर डॉक्टर नेमण्याची तजवीज तीत करण्यात आली. पुढे २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने पॅरामेडिकास मान्यताप्राप्त आरोग्य व्यावसायिकांच्या पंक्तीत बसविले. कायद्याचे काम येथवर झाले. हाताला वळण लावण्याचे काम उरले आहे, आणि ते कायद्याने होत नाही.

आघातग्रस्ताची तपासणी म्हणजे मुख्यतः डोळ्याला शिस्त लावणे होय, कारण नजर स्वभावतः सर्वांत भीषण दिसणाऱ्या जखमेकडे व सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या जखमीकडे धाव घेते. ज्याचा पंजा प्रेसखाली गेला आहे तो आकांत करीत असतो. पण त्याच शेडमध्ये भिंतीला टेकून निमूट बसलेला, कंबरेचे हाड मोडून ज्याच्या ओटीपोटात रक्त साठत चालले आहे असा दुसरा कामगार कदाचित अधिक लवकर जाणार असतो. म्हणून विद्यार्थ्याच्या अंगी एक क्रम मुरवावा लागतो: प्रथम यंत्र बंद आहे, वीज तोडलेली आहे व आपण स्वतः सुरक्षित आहोत याची खात्री, मग प्राणघातक रक्तस्राव दाबून किंवा टुर्निके आवळून थांबविणे, मग मान स्थिर राखून श्वासमार्ग, त्यानंतर श्वसन, रक्ताभिसरण व शुद्धी, आणि शेवटी कपडे कापून सर्व अंगाची पाहणी व लगोलग पांघरूण, कारण रक्त गमावलेला देह थंड पडला की रक्त गोठण्याची क्रियाही बिघडते. हा क्रम पाठ म्हणावयास दोन मिनिटे पुरतात. गोंगाटात, धुरात, भोवती पन्नास माणसे ओरडत असताना तो पाळण्यास शेकडो वेळा केलेला सराव लागतो.

तळवड्याच्या आगीसारखा प्रसंग घ्या. भाजलेल्या स्त्रीच्या हातातील बांगड्या व अंगठ्या सूज चढण्यापूर्वी काढल्या पाहिजेत, नाही तर त्याच तिच्या बोटांचा रक्तपुरवठा तोडतात. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बर्फ लावू नये, हळद किंवा टूथपेस्ट कोणास फासू देऊ नये; पण अंगाचा मोठा हिस्सा भाजला असेल तर पाणी ओतता ओतता रुग्ण गारठणार नाही, हेही पाहावे. नाकपुड्यांत काजळी आहे, आवाज घोगरा झाला आहे, तर ती स्त्री आत्ता बोलत असली तरी तासाभरात तिचा श्वासमार्ग सुजून बंद होऊ शकतो, हे ज्याने ओळखले त्यानेच तिला वाचविण्याची शक्यता निर्माण केली. तुटलेल्या बोटाचेही असेच आहे: ते ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोट थेट बर्फात टाकले की शल्यविशारदाच्या हाती जोडण्याजोगे काही उरत नाही. शुद्धी मोजण्याची ग्लासगो येथील १९७४ ची गुणपद्धती आज जगभर चालते व तीत रुग्णाच्या बोलण्याला गुण असतात. परंतु येथील जखमी पुष्कळदा ओडिशाचा वा बिहारचा असतो, आणि त्याची बोली न समजणारा तपासनीस त्याला बरळणारा ठरवून मोकळा होण्याचा धोका असतो. हे बारकावे पुण्यामुंबईच्या वर्गखोलीत सुचणे कठीण आहे.

शिवाय येथील रस्ता. अपघातानंतरच्या पहिल्या तासास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने विशेष स्थान दिले. पण तळवडे चौकात किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावर वाहतूक तुंबली की त्या तासातील केवढा तरी भाग गाडीतच सरतो. अशा वेळी प्रकृती अस्थिर असलेल्या रुग्णाची दर पाच मिनिटांनी फेरतपासणी करावी लागते व प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच हितकारक ठरते, हे २०,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीच्या २०११ सालच्या विश्लेषणाने दाखवून दिले. तेव्हा इजा किती वाजता झाली हे कामगारांना विचारून टिपून आणणारा पॅरामेडिक रुग्णालयातील डॉक्टरच्या हाती मोलाची माहिती ठेवीत असतो.

अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यविशारदाचे विमान शेतात कोसळले, पत्नी दगावली, मुले जखमी झाली, आणि गावातील रुग्णालयात त्यांच्यावर झालेले उपचार पाहून तो मनुष्य व्यथित झाला. दोन वर्षांत त्याच प्रांतातील ऑबर्न या लहानशा गावी आघातचिकित्सेचा पहिला पद्धतशीर वर्ग भरला, व तोच अभ्यासक्रम आज अनेक देशांत शिकविला जातो. दुःख झालेल्या ठिकाणीच शिक्षण उभे राहिले. तळवड्यात तसे अद्याप झालेले नाही.

यासाठी फार मोठा खर्चही नको. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचेच आहे. तेथील अपघात विभागात पॅरामेडिक विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या पाळ्या लावता येतील. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी व तिच्यापाशी प्रशिक्षित इसम असावा असा दंडक घातला. त्या इसमाला व विद्यार्थ्याला एकत्र शिकविले, तर पुढे जखमीचा ताबा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना वेळ व माहिती दोन्ही वाया जाणार नाहीत. जे छोटे उद्योग या दंडकाच्या कक्षेतच येत नाहीत, तेथे तर विद्यार्थ्यांची तुकडी सर्वांत आधी पोहोचली पाहिजे, कारण मेणबत्त्यांसारखे धोके अशाच शेडांत दडलेले असतात.

महापालिकेच्या वैद्यकीय विभागाने, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि या पट्ट्यातील कारखानदारांनी एकत्र बसून ४ मार्च या राष्ट्रीय सुरक्षा दिनापूर्वी एवढे तरी ठरवावे, की त्या दिवशीच्या रंगीत तालमीत पॅरामेडिक विद्यार्थी प्रेक्षक म्हणून उभे राहणार नाहीत, तर जखमींची तपासणी त्यांच्याच हातून होईल. आणि कारखान्याचे फाटक त्यांच्यासाठी वर्षभर उघडे राहील.