‘धर्म शिकवणं’ आणि ‘धर्माविषयी शिकवणं’ यात फरक काय? एका चित्रावरून पेटलेला वाद काय सांगतो?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हॅमलिन विद्यापीठ १८५४ साली मेथडिस्ट चर्चच्या पुढाकारानं सुरू झालं. लिबरल आर्ट्स शिक्षण ही त्याची ओळख. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या कला-इतिहासाच्या एका ऑनलाइन तासाला प्रेषित महंमदांचं चित्र दाखवलं गेलं आणि शिकवणाऱ्या एरिका लोपेझ प्रेटर यांना पुढच्या सत्राचं काम मिळालं नाही.

नेमकं काय झालं होतं?

हे चित्र चौदाव्या शतकातलं. इराणमधले वजीर रशीद अल-दीन यांच्या ‘जामी अल-तवारीख’ या इतिहासग्रंथात ते आहे. देवदूत जिब्रील प्रेषितांना संदेश देत असल्याचा प्रसंग त्यात रंगवलाय.

असं चित्र दाखवलं जाईल, हे अभ्यासक्रमाच्या माहितीतच लिहिलेलं होतं. वर्गातही आधी सूचना दिली गेली, ज्यांना पाहायचं नाही त्यांना वेळ दिला गेला. तरीही एका मुस्लिम विद्यार्थिनीनं तक्रार केली. या वर्गात आपल्याला स्थान नाही असं वाटलं, हे तिचं म्हणणं होतं.

विद्यापीठानं या घटनेला ‘इस्लामोफोबिक’ म्हटलं. मुस्लिम विद्यार्थ्यांचा आदर हा अध्यापन स्वातंत्र्याच्या वर असायला हवा होता, असंही प्रशासनानं लिहिलं.

मग वाद कुठे आहे?

अनेक मुस्लिमांसाठी प्रेषितांचं चित्रण निषिद्ध आहे, हे खरं. पण हे चित्र मुस्लिम दरबारात, श्रद्धेनंच काढलं गेलं, हेही तितकंच खरं.

धर्माचा अभ्यास करणारे इथेच थांबून प्रश्न विचारतात: कोणत्या काळात, कुठे, कोणी काय मानलं? श्रद्धा खरी की खोटी, हा निवाडा ते करत नाहीत. हॅमलिनच्या धर्म विभागाचे प्रमुख मार्क बर्कसन यांनी हीच बाजू मांडली. मुस्लिम पब्लिक अफेअर्स कौन्सिल या अमेरिकी मुस्लिमांच्या संघटनेनंही शिक्षिकेला पाठिंबा दिला.

म्हणजे मुस्लिमांमध्येही एकमत नव्हतं. तरी चित्र दाखवणं हाच इस्लामचा द्वेष, असं जाहीर करून विद्यापीठानं अनेक परंपरांपैकी एकच अधिकृत ठरवली. धर्माविषयी शिकवता शिकवता प्रशासन स्वतःच धर्म शिकवायला लागलं.

हा फरक आला कुठून?

१९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबल वाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात, धर्माचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही, असंही स्पष्ट केलं. त्यानंतर तिथल्या विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग झपाट्यानं वाढले.

भारतात हा मुद्दा त्याच्याही आधी आला होता. पूर्णपणे सरकारी खर्चावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. त्यावरच्या चर्चेत डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं की, धार्मिक शिकवण वेगळी आणि संशोधन किंवा अभ्यास वेगळा. पुढे १९७१ मध्ये गुरू नानकांच्या जीवनाच्या अभ्यासाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हाच भेद मान्य केला.

शेवटी काय झालं?

जानेवारी २०२३ मध्ये लोपेझ प्रेटर कोर्टात गेल्या. त्याच सुमारास ‘इस्लामोफोबिक’ हा शब्द वापरणं चुकलं, अशी कबुली विद्यापीठानं दिली. पूर्णवेळ प्राध्यापकांनी ७१ विरुद्ध १२ मतांनी अध्यक्षांचा राजीनामा मागितला. सप्टेंबरमध्ये न्यायालयानं धार्मिक भेदभावाचा दावा पुढे चालवायला परवानगी दिली.

पण एक गोष्ट सुटून जाऊ नये. लोपेझ प्रेटर कायमस्वरूपी प्राध्यापक नव्हत्या, त्या कंत्राटी होत्या. त्यांना काढून टाकावं लागलं नाही, फक्त पुढचं काम दिलं नाही की झालं. कायम नोकरी असलेला प्राध्यापक अशा वेळी लढू शकतो. दर सत्राला नव्यानं काम मिळवणारा शिक्षक पुढच्या वेळी अडचणीचा धडाच गाळतो. तो गाळला गेल्याचं विद्यार्थ्यांना कळतही नाही.